बाह्या सरसावून

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस आणि "नंतर करते" म्हणतेस. म्हणून पत्र लिहायला बसले. दुपारच्या पाळीत टाकी भरत आली की नाही एवढंच बघत बसायचं असतं, आणि पंपघरात मोटर चालू असताना फोनवर एक अक्षर ऐकू येत नाही. कागदाचं तसं नाही.

तुमच्या मासिकातली लेख लिहिणारी मुलगी आणि फोटोवाला परवा येऊन गेले. तू नुसतं कळवलं असतंस तरी मी घर आवरलं असतं. दारात उभे राहिले तेव्हा खुर्च्यांवर आईच्या चादरी वाळत होत्या.

मुलगी गुणी आहे. आल्याआल्या आईच्या खाटेपाशी बसली, तिचा हात हातात घेतला. आईने "हं" केलं. झटका आल्यापासून तिच्याकडे "हं" आणि "नको" असे दोनच शब्द उरलेत हे मी तुला सांगितलं आहे, पण सांगणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. दोन वर्षं होत आली, ताई. असो. यावरून भांडायला हे पत्र लिहीत नाहीये.

मग तिने माझ्या नवऱ्याची मुलाखत घेतली. तू ठेवलेलं याचं घड्याळबुवा हे नाव अजून आमच्या घरात चालतं, पण मुलीसमोर मी ते घेतलं नाही. तिने विचारलं, "घर सांभाळायचा निर्णय तुम्ही कसा घेतलात?"

हा म्हणाला, "निर्णय नाही घेतला. दुकान बंद पडलं. घड्याळ दुरुस्त करून कोण घेतं आता, नवीनच घेतात. ही पाळीला जायची, आई अशा, पोरगी लहान. घरात मीच होतो. मग करायला लागलो."

"पण कमीपणा नाही वाटला?"

"कशाचा?"

"म्हणजे, बायकांची कामं करताना."

हा खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "सुरुवातीला आईंना उचलताना पाठ दुखायची." मुलीने ते लिहून घेतलं नाही.

तो आईची नखं कापतो ते मात्र तिने बघायला हवं होतं. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून एकेक बोट धरतो, जणू आतमध्ये स्प्रिंग आहे. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची असते, त्यासाठी दुकानातली न विकलेली गजराची घड्याळं त्याने ओळीने लावून ठेवली आहेत. आई दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही. माझ्याही नाही. मी चमचा पुढे केला की "नको" येतो. मला पूर्वी वाईट वाटायचं, आता नाही वाटत. पंप माझ्या हाताला बधतो, आई त्याच्या, इतकंच.

फोटोसाठी एप्रन लागला. आमच्याकडे नाही. फोटोवाल्याने स्वतःच्या पिशवीतून काढला, गुलाबी, झालरीचा. मग माझा फोटो काढायला सगळे पंपघरात आले. मला लिपस्टिक लावली आणि एक मोठा पान्हा हातात दिला. मी म्हटलं, हा या नटाला बसत नाही. फोटोवाला म्हणाला, "नाही बसला तरी चालेल, दिसू दे."

निघताना मुलीने विचारलं, आजींना मुलं किती. मी म्हटलं, दोन मुली, थोरली तुमच्याच ऑफिसात उपसंपादक आहे. ती गोंधळलीच. तिला वाटत होतं आम्ही तुझ्या ओळखीचे कुणीतरी आहोत. तू तिला सांगितलं नव्हतंस?

सवडीने उत्तर दे.

तुझी धाकटी

२८ मार्च

प्रिय ताई,

अंक मिळाला. शेजारच्या नर्सबाईंनी आधीच विकत आणला होता, त्यामुळे आमच्याकडे आता दोन आहेत.

मथळा वाचून आधी हसूच आलं. "ती पाणी सोडते, तो चक्क स्वयंपाकघर सांभाळतो." मी पाणी सोडते यात काही चक्क नाही असं दिसतं. माझ्या फोटोखाली लिहिलंय, "हातात पान्हा, तरी ओठांवर हसू." हसू फोटोवाल्याने सांगितलं म्हणून होतं. पान्ह्याचं तर तुला लिहिलंच आहे.

मग पुढे वाचत गेले तसं हसू गेलं. तुला एकेक सांगत बसत नाही. पण आम्ही घरात जे साधं बोलतो ते सगळं तिथे दुसऱ्याच कपड्यांत उभं होतं. तो भांडी घासतो ती "मदत". कुणाला मदत? मी तर पंपघरात असते. तो आईला जेवू घालतो तो "त्याग". मी बारा वर्षं पाळ्या करते आहे तो माझा "ध्यास", ज्यापायी माझा "संसाराकडचा वेळ हिरावला गेला". आणि शेवटी मी "भाग्यवान". हा शब्द पाच वेळा आला आहे, आमच्या पोरीने, ठकीने, मोजले.

त्याच अंकात मागच्या पानावर "थकून आलेल्या त्याला कसं खुलवाल" असा लेख आहे. मी त्या दिवशी सकाळची पाळी करून आले होते, पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळत होतं म्हणून निम्मी भिजलेली. ठकीला म्हटलं, थकून आलेल्या तिला कसं खुलवावं यावर नाही का काही? तिने पानं चाळली आणि म्हणाली, "तिच्यावर केसगळती आहे."

तो मात्र खूश आहे, ताई. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. दुकान बंद झाल्यापासून बाजारात कुणी भेटलं की हा रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. आता जात नाही. भाजीवाली म्हणाली, "साहेब, तुमचा फोटो बघितला." दोन वर्षांत त्याला कुणी साहेब म्हणालं नव्हतं. मी त्याला मथळ्याचं काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलू?

एक गोष्ट मात्र विचारते. लेखात मी आईची "एकुलती एक लेक" झाले आहे. त्या मुलीला मी स्वतः दोन मुली म्हणून सांगितलं होतं. जागा कमी पडली असेल, छापताना काही झालं असेल, असं मी याला सांगितलं. त्याने मान हलवली. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. लेखाखाली छोट्या अक्षरात "शब्दांकन" म्हणून तुझं नाव आहे, हे त्यांनी बघितलं नसावं.

आई बरी आहे. हं म्हणते.

तुझी धाकटी

९ जून

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला, तीन ओळींचा. "लेख लोकांना खूप आवडला. यांच्यासाठी सदर ठरतंय. बाकी भेटल्यावर." बाकी म्हणजे काय ते मला कळलं. भेटल्यावर कधी, ते नाही कळलं.

सदर सुरू झालं हे तुला माझ्याकडून कशाला हवं. पण नाव तू दिलंस का? "बाह्या सरसावून". तो घरात अर्ध्या बाह्यांचाच शर्ट घालतो.

पहिल्या वेळी त्याने खूप मन लावून लिहिलं. मी वाचलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी: आधी उशी कुठे ठेवायची, गुडघा कसा वाकवायचा, चादरीची चुणी पाठीखाली राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. त्याच्यासारखंच, शांत आणि नीटनेटकं. छापून आलं तेव्हा त्यात चुणी नव्हती आणि टाचाही नव्हत्या. होतं ते असं, की "सासूबाईंच्या डोळ्यांत मला माझी दुसरी आई दिसली आणि माझ्यातला पुरुष विरघळला."

मी विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"नाही. पण वाचायला बरं वाटतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "संपादकबाई म्हणाल्या, कूस बदलायची माहिती कुणी वाचत नाही. माणूस वाचतात."

आता त्याला बोलावणी येतात. महिला मंडळ, कॉलेज, बँकेतल्या बायकांचा मेळावा. एकदा मी सुट्टी असल्याने ऐकायला गेले. हा माइकपाशी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "मी पत्नीला घरकामात मदत करतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, तो शब्द तो आमच्या घरात कधीच वापरत नव्हता. भांडी घासतो म्हणजे भांडी घासतो. माझ्या शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "पुण्य केलंत हो." मीही हसले. दुसरं काय करणार, तिथे?

कार्यक्रमांच्या दिवशी आईजवळ ठकी असते. शाळा सकाळची, त्यामुळे जमतं. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती, तिला आई जेवू देईना, दोन आठवड्यांत ती गेली. मी पाळ्या बदलून मागितल्या, साहेब म्हणाले बघू. मी आईला भरवायला बसते. पाच चमच्यांतला एक जातो.

ठकी तुमचा अंक पाठ करते. परवा मी तिला हाक मारली तर म्हणाली, "आई, हळू बोल ना, बाईसारखं." मोटरींमध्ये राहून माझा आवाज चढला आहे, कबूल. पण मी तिला विचारलं, मग मी आत्तापर्यंत कुणासारखी बोलत होते? नंतर जवळ येऊन म्हणाली, "बाबा तुला एवढी मदत करतात, तू खूश का नसतेस?"

मी खूश नाही असं नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. रागवावं तर कुणावर? या पोरीवर? याच्यावर, ज्याच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजतायत? तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर तू फोन घेत नाहीस.

एकदा येऊन जा. आईला बघायला ये, लेखाला नको.

तुझी धाकटी

२ ऑगस्ट

ताई,

आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं आहे. निरोप पाठवला होता, तू "काळजी घ्या" लिहिलंस. काळजी घेतो आहोत. काय झालं ते सांगते.

गेल्या आठवड्यात याचे लागोपाठ कार्यक्रम होते आणि मुख्य जलवाहिनी फुटल्याने मी सलग दोन पाळ्या करत होते. घरी ठकी आणि आई. मी आईला पुसायला बसले तेव्हा कमरेखाली हात गेला आणि ती कळवळली. चादर सरकवून बघितलं. ताई, मी तुला वर्णन करून सांगणार नाही. नर्सबाईंना हाक मारली. त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही एका दिवसाची जखम नाही. कूस कोण बदलत होतं?"

कुणीच नाही. घड्याळं वाजत होती. ठकीने सांगितलं, तिचा अभ्यास व्हायचा नाही म्हणून ती गजर बंद करायची आणि वाटायचं, नंतर बाबा आले की करतील. ती एवढीशी, तिच्याने आई हललीही नसती. मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "पण आज्जी ओरडली नाही." आज्जीकडे ओरडायला शब्दच नाहीत. नर्सबाई तोवर गरम पाणी ठेवायला आत गेल्या होत्या, ते एक बरं झालं.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण आहेत, तुटक बोलतात. त्यांनी विचारलं, "घरी यांचं कोण बघतं?" साधा प्रश्न. हा माझ्याकडे बघायला लागला, मी याच्याकडे. सहा महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर त्याने न विचार करता "मी" म्हटलं असतं.

आईची जखम साफ करायला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. तेवढ्यात एक बाई आली, चांगली शिकलेली वाटली, हातात कुणासाठी तरी डबा. थबकून म्हणाली, "तुम्ही तेच ना? सासूची सेवा करणारे? मी तुमचं सदर माझ्या मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवते." हा उठून उभा राहिला. तिने फोन काढला. "एक फोटो घेऊ?"

आतून आईचा "नको, नको" ऐकू येत होता.

तो उभा राहिला, ताई. तिच्या शेजारी, हात बांधून. ती बाई मला म्हणाली, "ताई, जरा काढता का?" आणि फोन माझ्या हातात दिला. मी काढला. दोन काढले, पहिला हलला म्हणून.

ती गेल्यावर हा पुन्हा बाकावर बसला. मग म्हणाला, "मला नाही म्हणता आलं नाही."

"मलाही नाही आलं," मी म्हटलं.

"मी रोज करत होतो तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता सगळे विचारतात, तर..."

ये.

धाकटी

२१ ऑगस्ट

ताई,

त्याने संपादकबाईंना फोन करून सदर थांबवा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, आत्ता थांबू नका, "खचलेला पुरुष" यावर लिहा, वाचकांच्या काळजाला भिडेल. मग त्याने फोन ठेवून दिला. चार दिवसांनी लेख मागायला फोन आला तो तुझा होता, म्हणे. मला म्हणाला, "ताईंनी आईंची चौकशी केली." मी विचारलं, आधी लेखाची केली की आईची? तो म्हणाला, आठवत नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून आठवत नाही म्हणाला.

आता तो दिवसरात्र तिच्याजवळ असतो. पुन्हा सगळं तसंच करतो, उशी, गुडघा, चादर. पण ताप उतरत नाही. काल त्याने चमचा पुढे केला तर आईने त्यालाही "नको" म्हटलं. तो बाहेर येऊन जिन्यात बसला. मी शेजारी बसले.

यायचं असेल तर आता ये.

धाकटी

१५ सप्टेंबर

ताई,

तू आलीस आणि गेलीस. मधल्या दीड तासात आपण काय बोललो ते मी आठवून बघते. "जेवलीस का?" "गाडीत खाल्लं." "किती वाजता परतायचंय?" "चारला निघते." एवढंच आठवतं.

घरात त्या दिवशी माणसं मावत नव्हती. यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. मंडळातल्या बायका, तुमच्या वाचक, संपादकबाई स्वतः. सगळ्या याचा हात धरून म्हणत होत्या, "तुमची आई गेली हो." तो नुसता मान हलवत होता. माझ्यापाशी आल्या की आवाज बदलायचा. "आता यांना सांभाळा. पुरुष माणूस रडत नाही, आत साठवतो." मी हो म्हणत होते आणि चहाचे कप भरत होते. माझी आई गेली आहे हे मला स्वतःलाच मध्येमध्ये आठवावं लागत होतं.

तू दाराजवळच्या खुर्चीत बसली होतीस. मी ट्रे घेऊन तुझ्या मागेच होते. नर्सबाईंनी तुला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" तू पर्स उचलून मांडीवर घेतलीस. मग म्हणालीस, "मी मासिकातून आलेय."

मी कप पुढे केला. तू घेतलास. तुझी बोटं माझ्या बोटांना लागली, बर्फासारखी गार. मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. मला एवढंच वाटलं की तू दुसरं काय म्हणणार? मुलगी आहे म्हणालीस तर पुढचा प्रश्न येणार, मग इतके दिवस कुठे होतात. आणि सगळ्यांनी वाचलं आहे की आईला एकच लेक होती. तूच लिहिलं होतंस.

तू गेल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "त्या मासिकातल्या बाई किती रडत होत्या जिन्यात. चांगल्या मनाच्या दिसतात." मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?

या महिन्याचं सदर आलं आहे. तू फोनवर मागितलंस म्हणून त्याने लिहिलेलं मी आधी पाहिलं होतं, पानभर होतं. त्यात लिहिलं होतं की जखम झाली, आम्ही घरी नव्हतो, लेक एकटी होती. ते छापलं नाही. छापलं ते आईच्या नखांबद्दल, भिंगाबद्दल, गजरांबद्दल. प्रत्येक वाक्य खरं आहे. घडलं ते सगळं, पण सदर सुरू व्हायच्या आधी. वाचताना मला रडू आलं, कारण ते फार सुंदर लिहिलंय आणि ते तू लिहिलंयस, हे मला पहिल्या ओळीत कळलं. आईचा डावा अंगठा जरा वाकडा होता हे त्याने कधी कुणाला सांगितलं नसतं. ते तुलाच माहीत होतं.

शेकड्यांनी पत्रं येतायत. सगळी त्याला.

धाकटी

११ डिसेंबर

ताई,

तुझं पाकीट मिळालं. सहा पानं. पहिल्यांदाच एवढं लिहिलंस. माफी मागितलीस, ती पोचली. "तू आईची निःस्वार्थ सेवा केलीस, तू खरी कणखर स्त्री आहेस" हे वाचताना मात्र मला पान उलटून बघावंसं वाटलं, मागे केसगळती आहे का म्हणून. रागावू नकोस. तुला टोचायला लिहीत नाही. रोज तेच लिहून माणसाकडे तेच शब्द उरत असतील. मला त्यातलं काही कळायला लागलंय, कसं ते सांगते.

तो पुन्हा सदर लिहितो. आता घरात करायला काम कमी आहे, मी आणि ठकी जेवून जातो, भांडी चार. लिहायला काही घडत नाही, पण तुम्ही जे घालता ते तो आता आधीच घालून पाठवतो. परवा म्हणाला, "आता त्यांना काही बदलावं लागत नाही." अभिमानाने म्हणाला की दुःखाने, मला ओळखता आलं नाही. पूर्वी यायचं.

आमच्या पंपघरात एक जागा रिकामी झाली. तीन महिने एक बाई हंगामी म्हणून काम करत होती. पस्तिशीची असेल, दोन लेकरं, नवरा परगावी. हाताने फार नेमकी. बेअरिंग बिघडायच्या आधी तिला कळतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवते, मूठ कानाला लावते आणि सांगते, ही आठवडाभर काढेल, ती नाही. मला हे यायला सात वर्षं लागली होती. साहेबांना तिला कायम करायचं नव्हतं. उघड काही म्हणत नव्हते, फक्त "विचार करू" चाललं होतं. दुसरा उमेदवार कुणाचा तरी भाचा होता.

मी त्यांच्या खोलीत गेले. तिलाही बरोबर नेलं. म्हटलं, हिच्या पाळीत तीन महिन्यांत एकदाही मोटर जळली नाही. साहेब म्हणाले, हं. म्हटलं, गळती निम्म्यावर आली. हं. म्हटलं, रात्रपाळीला नाही म्हणत नाही, वेळेवर येते, नोंदी चोख. ते खिडकीतून बाहेर बघत होते. कागद पुढे सरकत नव्हता. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दिसायला नाजूक आहे, पण काम अगदी बाप्यासारखं करते."

साहेबांनी वळून तिच्याकडे बघितलं. हसले. "असं म्हणता?" म्हणाले आणि सही केली.

बाहेर आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्या एका वाक्याने झालं," म्हणाली. घरी लेकरांना सांगायला धावतच गेली. मी पंपावर परत आले, गेज बघितलं, दाब बरोबर होता. खुर्चीत बसले. तिला तिथे मीच नेलं होतं, मीच तिच्यासमोर बोलले, आणि तिला त्यात काही खटकलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी रोज पाळीत बसून शोधते आहे, ताई. तिला जागाही मिळाली असती आणि मला ते म्हणावंही लागलं नसतं असं दुसरं वाक्य, साहेबांना कळेल असं. मला अजून सापडलेलं नाही. तू या कामात आहेस. तुला सापडलं तर कळव.

धाकटी